जिमची शिकवणी

शनिवार, रात्री

अमेरिकी लेखक पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ ही कादंबरी काल रात्री दोनला संपली. आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. दुपारी फोडणीचं तेल जास्त तापून धूर झाला, तर मला पुन्हा पुस्तकातला तोच प्रसंग आठवला.

गुलामांच्या वस्तीतल्या झोपडीत जिम, म्हणजे कादंबरीचा नायक जेम्स, तोही गुलामच, लहान मुलांची शिकवणी घेतोय. शिकवायचं आहे ते गोऱ्यांसमोर कसं बोलायचं. समज, एका गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघराला आग लागलीय, तर तिला कसं सांगशील? ‘आग लागली’ असं सरळ म्हणायचं नाही. ‘बाईसाब, तकडं बगा की’ एवढंच म्हणायचं. संकटाला नाव द्यायचा मान गोऱ्यांचा. हीच मुलं आपापसात स्वच्छ, सफाईदार इंग्रजी बोलतात. मोडकं बोलणं त्यांना घोकून घोकून शिकावं लागतं, कारण त्यावर त्यांचा जीव अवलंबून आहे.

मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

आमच्याकडे उलटं होतं. घरी आजी ‘पानी’ म्हणायची, मीही तेच म्हणायचे. पाचवीत बाईंनी मला वर्गासमोर उभं करून वीस वेळा ‘पाणी’ म्हणायला लावलं. त्या दिवसापासून माझ्या तोंडात दोन भाषा झाल्या, एक घरची आणि एक बाहेरची. गुलामीशी याची तुलना होऊच शकत नाही, मी करणारही नाही. पण तोंड उघडण्याआधी समोर कोण आहे ते बघायचं, ही सवय मी ओळखते.

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मध्ये (अमेरिकेत १८८५ साली आली) हा जिम हक या गोऱ्या मुलाच्या नजरेतून दिसतो. एव्हरेटनी गोष्ट जिमच्याच हाती दिली. इथला जिम न्यायाधीशाच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकं लपून वाचतो आणि साप चावून ताप चढला की त्या भ्रमात फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेरशी वाद घालतो. त्याला लिहायचंय. त्यासाठी एक गुलाम तरुण मालकाची पेन्सिल चोरून आणतो. त्या पेन्सिलीपायी त्या तरुणाचा जीव जातो. पुढे जिम जपून, कंजूसपणे लिहितो. पानभर लिहिलं की मला पेन्सिल किती झिजली असेल असंच वाटत राहायचं.

२०२४चं नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५चं पुलित्झर हे अमेरिकेतले मोठे साहित्य पुरस्कार या कादंबरीला मिळाले, याचा मला घरातल्या कुणाला मिळाल्यासारखा आनंद झाला. एव्हरेट चाळीस वर्षं लिहितायत, आणि त्यांची कितीतरी पुस्तकं ग्रेवुल्फ या छोट्या प्रकाशनाने काढलीत.

पुढचं पुस्तक काढून ठेवलंय, जेस्मिन वॉर्ड यांचं ‘सॅल्व्हेज द बोन्स’. कॅटरिना वादळाच्या आसपासचे बारा दिवस, मिसिसिपीतली कोवळ्या वयाची गरोदर मुलगी, तिचे भाऊ आणि भावाची कुत्री. कादंबरीसाठी नॅशनल बुक अवॉर्ड दोनदा मिळवणारी वॉर्ड ही पहिली बाई.

‘जेम्स’ फळीवर जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’शेजारी ठेवली. १८७३ साली त्यांनी ते पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. जागा तीच बरोबर वाटली.

पुढच्या आठवड्यात गावी जायचंय. आजीला तो स्वयंपाकघराचा प्रसंग सांगणार आहे, तिच्याच बोलीत, ‘पानी’सकट.