लक्ष्मीपुरीचा रविवार: खालचा थर उघडल्याशिवाय पैसे देऊ नयेत

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दर रविवारी जो आठवडी बाजार भरतो, तिथे शेतकरी स्वतः माल घेऊन बसतो आणि भाव पुण्याच्या निम्मा असतो, असे कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितले होते. या एका वाक्याच्या भरवशावर मी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी २४ हापूस आंबे, १० किलोचा गुळाचा रवा (ढेप), ५ किलो तांदूळ आणि ३ किलो मिरची एवढे ओझे अंगावर वागवत, वळवाच्या पावसात, घोटाभर पाण्यातून स्टेशनाकडे चाललो होतो. सहकाऱ्याच्या वाक्याचा पहिला भाग थोडासा खरा आहे. दुसरा भाग खोटा आहे.

त्याआधीचे तीन दिवस पन्हाळा, जोतिबा आणि रंकाळा यांत सुखाने गेले; त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

पहाटे शाहू मार्केट यार्डात, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात, जाऊन थेट सौद्यातच (लिलावातच) भाजी घ्यावी, असाही एक सल्ला मला मिळाला होता आणि तोही मी निमूटपणे पाळला. यार्ड पाहण्यासारखे आहे, खरेदीसाठी नाही. तिथे कोथिंबिरीचा आणि मेथीचा भाव शेकडा जुड्यांवर ठरतो, टोमॅटो क्रेटने जातो, आणि कापडी पिशवी घेऊन अडत दुकानापुढे उभा राहिलेला माणूस हमालांच्या दृष्टीने केवळ वाटेतला अडथळा असतो. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. त्यामुळे कानावर पडलेल्या भावात अडत आणि हमाली मिळवल्याशिवाय तो भाव आपला समजू नये. तरीही एक पहाट तिथे जरूर घालवावी, भाव वहीत टिपून घ्यावेत आणि रिकाम्या हाताने परतावे. रविवारी लक्ष्मीपुरीत कोण किती चढवून सांगतो आहे, हे मला त्या वहीमुळेच कळले.

आता बाजाराविषयी. ज्याच्यापुढे गाजर, आले, फ्लॉवर, लिंबू आणि ढबू मिरची असा सगळा संसार मांडलेला आहे, तो शेतकरी नव्हे. मे महिन्यात एका माणसाच्या रानात इतक्या गोष्टी एकत्र पिकत नाहीत, त्याने तो माल व्यापाऱ्याकडूनच उचललेला असतो. त्यात गैर काही नाही, परंतु त्याच्याकडून ‘घरच्या मळ्यातली’ म्हणून भाजी चढ्या भावाने घेण्याचेही कारण नाही. शेतकरी, आणि बहुतेक वेळा शेतकरीण, बाजाराच्या कडेला पोते अंथरून बसलेली असते आणि तिच्यापुढे दोनच जिन्नस असतात: जवारी (गावरान) वांगी आणि गवार, किंवा पाटीभर जांभळे आणि करवंदे. ‘जवारी’ हा शब्द मात्र आता प्रत्येकाच्या तोंडी आहे, म्हणून त्यावर विसंबू नये. वांगी एकसारख्या आकाराची आणि पॉलिश केल्यासारखी चकाकणारी असली, तर शब्द काहीही असो, पुढे चालू लागावे. राधानगरी, गगनबावडा या बाजूच्या रानमेव्याला सहसा तराजू लागत नाही, तो वाट्याने किंवा मापाने मिळतो, आणि ज्या बाईने तो काट्याकुट्यांतून हाताने तोडून आणला आहे तिच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणे शोभत नाही. ती दहाच्या सुमारास पाटी रिकामी करून निघून जाते. अकरा वाजता बाजारात पोचणाऱ्याला उरतात ते व्यापारी.

माझी खरी फसगत आंब्यात झाली. बाजाराच्या तोंडाशीच एका विक्रेत्याने ‘देवगड हापूस’ छापलेले पुठ्ठ्याचे बॉक्स रचून ठेवले होते. दोन डझनांच्या बॉक्सला त्याने १,४०० रुपये सांगितले, मी मान हलवून दोन पावले पुढे गेलो, त्याने मागून हाक मारली आणि ९५० रुपयांवर सौदा पटला. खालचा थर दाखवा, असे मी म्हटले तेव्हा तो जवळजवळ दुखावल्या स्वरात म्हणाला, “पावणं, गॅरंटीचा माल हाय. वरचा काय नि खालचा काय, एका झाडाचा.” साडेचारशे रुपये उतरवल्याच्या आनंदात मी तो बॉक्स तसाच लॉजवर नेला. वरचे बारा आंबे खरोखर उत्तम होते. खालचे बारा आकाराने लहान, सालीला जाड आणि वासाला मुके होते. एक कापला तर केशरी रंगाऐवजी फिकट पिवळा गर निघाला, आणि दोन देठाशी काळे पडलेले होते. ते कर्नाटकातून आलेले आंबे असावेत. त्या आंब्याला मी नावे ठेवत नाही, त्याच्या नावाने घेतला तर तो रास्त भावात मिळतो आणि रसाला चालतो. परंतु कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी छापील पुठ्ठा कोणालाही विकत मिळतो. मी बॉक्स घेऊन तसाच त्या विक्रेत्याकडे परत गेलो. “बॉक्स फुटला की माल तुमचा,” एवढे बोलून त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवले.

म्हणून हे नीट लक्षात ठेवावे: बॉक्स विक्रेत्यासमोरच रिकामा करून मोजावा, प्रत्येक आंबा देठाशी हुंगावा, आणि तो नको म्हणाला तर तिथून निघावे. मेअखेरीस कोकणातला हंगाम तसाही आवरत आलेला असतो, तेव्हा ‘आजच देवगडहून आला’ या वाक्याला फारशी किंमत देऊ नये. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की या दिवसांत लक्ष्मीपुरीत हापूस घेऊच नये, रायवळ घ्यावा. अढीत पिकवलेले, ओबडधोबड, चोखून खायचे ते आंबे मी एका म्हातारीकडून नाइलाजाने घेतले आणि लॉजच्या गॅलरीत उभा राहून एका बैठकीत नऊ संपवले.

गुळाच्या बाबतीत मला कोणी फसवले नाही, मीच अडाणी ठरलो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली मानांकन मिळाले, एवढे मला ठाऊक होते; परंतु गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त दिवाळी पाडव्याला होतो आणि उन्हाळा तापेपर्यंत गुऱ्हाळे थंडावतात, हे ठाऊक नव्हते. त्यामुळे मे महिन्यात ‘ताजा गूळ’ मागणारा माणूस दुकानदाराला दुरूनच ओळखू येतो. मिळतो तो साठवणुकीतला गूळ, आणि नीट साठवलेला असेल तर त्यात वाईट काही नाही. पिवळाधमक रवा पाहून हुरळू नये, तो रंग बऱ्याचदा हायड्रोस पावडरीचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा, असतो; तांबूस, किंचित काळपट रवा मागावा आणि त्याचा तुकडा तोंडात टाकून पाहावा. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचेही तसेच. त्याचा दाणा आखूड असतो, आणि पोत्याशी वाकल्यावर वास आला नाही तर तो घनसाळ नव्हे.

मिरचीसाठी मात्र ही सगळी पायपीट पुन्हा करायला मी तयार आहे. गडहिंग्लज भागातली एक बाई संकेश्वरी मिरचीचे पोते सोडून बसली होती: लांब, बारीक, सुरकुतलेली, उन्हात कडक वाळलेली मिरची. “रंगाला ब्याडगी घाला, चवीला ही पुरं,” असे सांगून तिने दोन्हींचे प्रमाणही समजावले, शेजारच्या डंकावर कुटून घेऊ नका, घरी एक दिवस ऊन दाखवून मगच कुटा, असेही बजावले, आणि जोखून झाल्यावर वर आणखी मूठभर टाकली. तिच्याकडे मी भाव केला नाही. ज्यांना वर्षाची चटणी करायची आहे त्यांनी बाकी सर्व सोडून एवढ्यासाठी यावे.

फसवणुकीला अजिबात वाव नसलेली एकच जागा मला या शहरात सापडली, ती गंगावेशीतला दूध कट्टा. तिथे म्हैस समोर उभी असते, धार तुमच्या डोळ्यांदेखत निघते आणि फेसाळ पेला हातात येतो.

आता परतीची वाट. स्टेशनाच्या वाटेवरचे फोर्ड कॉर्नरपासून व्हीनस कॉर्नरपर्यंतचे अंतर एरवी विचारात घेण्याजोगेही नाही. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळे झाले, धुळीचा लोट उठला आणि मागोमाग वळीव असा कोसळला की दहा मिनिटांत रस्ता आणि गटार यांतला फरक बुजून गेला. एका रिक्षाचालकाने स्टेशनपर्यंत २०० रुपये मागितले. आंब्यांचा राग ताजा असल्याने मी ताठ मानेने नकार दिला आणि पंचवीस किलोंचे ओझे घेऊन पाण्यात उतरलो. पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत, उजवीकडून दुचाकी पाणी उडवतात, डावीकडे हातगाड्या उभ्या असतात, आणि मधून चालणाऱ्याला थांबायला आडोसा मिळत नाही. व्हीनस कॉर्नर नजरेच्या टप्प्यात आला असतानाच भिजलेल्या बॉक्सचा तळ निसटला. खालचा थर आधी गेला, त्याचे मला दुःख झाले नाही. परंतु त्यापाठोपाठ वरच्यातले चार आंबेही पाण्याबरोबर निघाले आणि ते मी भर रस्त्यात वाकून शोधत होतो. गुळाचा कागद तोवर विरघळला होता आणि त्याचा पाक तांदळाच्या पिशवीत झिरपत होता. मिरची तेवढी वाचली, कारण बाईने ती दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून दिली होती.

तेव्हा रिक्षावाला मागेल ते पैसे द्यावेत. पुठ्ठ्याच्या बॉक्सवर विसंबू नये, दोन मजबूत नायलॉनच्या पिशव्या, मोठे प्लास्टिक आणि एक ताणकाटा घरूनच न्यावा. सकाळी साडेसहाला बाजारात असावे आणि वळवाच्या दिवसांत दुपारच्या आत सामान स्टेशनावर पोचते करावे.

एक गोष्ट मला तिथे पोचल्यावर कळली. पुढच्या रविवारी याल का, असे मी त्या रायवळवाल्या म्हातारीला विचारले, तेव्हा रोहिणी लागल्या, आता भाताची धूळवाफ (पावसाआधी कोरड्या रानातली) पेरणी, बाजाराला कुणाला सवड, असे ती म्हणाली. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागते, म्हणून जायचेच असेल तर मेचा दुसरा किंवा तिसरा रविवार धरावा.