उत्तरेच्या भिंतीलगतचा वाफा

इंदूर, श्रावण

झड थांबली, आज उघडीप. घराच्या उत्तरेला भिंतीलगत सावलीत असलेल्या वाफ्यात खुरपी घालून पाहिली तर वरची माती सुकल्यासारखी, पण बोटभर खाली चिखल. माळव्याच्या काळ्या मातीचं हे असंच. सावलीत रोपं उन्हावाचून मरतात असं म्हणतात. बहुतेक वेळा ती पाण्याने मरतात. ऊन नाही म्हणून ओल लवकर उडत नाही, मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात. ती पाहून माणूस आणखी एक तांब्या ओततो, आणि मग मूळ कुजतंच.

म्हणून असा वाफा वीतभर उंच हवा. दोन घमेली काळी माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. रेती बारीक नको. चिकण मातीत ती विटेसारखी घट्ट बसते. पाणी द्यायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावं. ओलं लागलं तर पाणी नाही, नळाला नर्मदेचं पाणी आलं असलं तरी.

सावलीही बारा महिने सारखी नसते. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, आणि उगवतो-मावळतो उत्तरेकडे झुकून, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलाही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून ४४ अंशांवर, म्हणजे १० फुटी भिंतीची सावली १० फुटांहून थोडी जास्तच. रामबागेसारख्या दाट वस्तीत तर वाफा हिवाळाभर उजेडावरच जगतो. उजेड किती ते पाहायला दुपारी वाफ्यात कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. हाताच्या सावलीची कड पुसट दिसली तर पुदिना, पानओवा, ब्राह्मी, आलं, हळद होईल. सावली मुळीच पडली नाही तर तिथे काही लावू नये. तुळस तर नकोच. ती उंच, फिकट, बारीक होते आणि वासही उतरतो.

पुदिन्याची आज छाटणी केली. एका पानाची मागची बाजू पाहिली: टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी फोड, बोटाला भुकटी लागते. तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. दाटी आणि पानांवर राहिलेलं पाणी, ही दोन कारणं. फांद्या जमिनीलगत कापून कचऱ्यात टाकाव्या, खताच्या खड्ड्यात नाही. नव्या लावणीला १०-१२ सेंमीच्या काड्या, खालची पानं काढून दोन पेरं मातीत, वीतभर अंतर. पाणी बुडाशी, सकाळी. बूड कापलेली बादली मातीत गाडून तिच्यात लावला तर पुदिना आल्याच्या जागेवर चाल करून येत नाही.

आलं-हळद सावलीत आनंदाने वाढतात. फक्त पाणी साचलं की कंद मऊ पडून घाण वास येतो. असा कंद भोवतालच्या मातीसकट काढावा. युरिया सावलीत टाळावा: पानं मोठी, लुसलुशीत, पण बेचव होतात आणि मावा किडीला आमंत्रण मिळतं.

कोथिंबिरीला ही जागा मार्च-एप्रिलात द्यावी. उन्हात ती लगेच फुलावर जाते, इथे थोडी थांबते. धणे रगडून दोन फाकी कराव्या, रात्रभर भिजवावे, सेंटिमीटरभर खोल पेरावे. आत्ता पेरले तर कोंब मातीलगत कुजून आडवे पडतील. थंडीत मात्र तिला गच्चीवर, उन्हात न्यावं.