रिलेशनशिप ऑफिसर

शुक्रवार, रात्र

उद्या अकराला मुलाखत. खासगी बँक, सांगलीतलीच शाखा, पद रिलेशनशिप ऑफिसर. कुर्ता इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. फाइलमध्ये बी.कॉम.च्या गुणपत्रिका, आधार, पॅन, चार फोटो. सगळं तीनदा तपासून झालं, तरी झोप नाही.

सरकारी बँकांची क्लार्कची परीक्षा दोनदा दिली. (त्या पदाला आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात.) प्रिलिमला १०० प्रश्न आणि ६० मिनिटं. इंग्रजी, गणित, रीझनिंग, प्रत्येकाला मोजून २० मिनिटं. चुकलं की पाव गुण गेला. दोन्ही वेळा प्रिलिम निघाली आणि मेन्सला अडकले. त्या पदाला मुलाखत नसते, त्यामुळे समोर माणूस बसलाय आणि मी उत्तर देतेय, ही वेळ उद्या पहिल्यांदाच येणार.

दुपारी कुठल्याशा कन्सल्टन्सीचा फोन आला होता. अडीच हजार भरा, बँकेत नक्की लावतो. मी फोन ठेवून दिला. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीने असेच पैसे भरले होते. त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

पप्पा जेवताना एवढंच म्हणाले, "विचारलं तर माझं काम सांग. लपवू नको."

पप्पा एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट आहेत. बावीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी गणपती पेठेतून फिरून दुकानदारांची रोजची बचत गोळा करतात. कुणाचे पन्नास, कुणाचे दोनशे.

शनिवार

पहिला शनिवार, म्हणजे बँक चालू. आम्ही आठ जण होतो. आधी फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता: दुचाकी आहे का, परवाना आहे का? तो वाचला तेव्हाच कळलं, हे काउंटरमागे बसायचं काम नाही. जाहिरातीत 'शाखा बँकिंग' लिहिलेलं, म्हणून मी पासबुकं आणि चेक डोळ्यांसमोर आणले होते. निम्मा दिवस बाहेर असणार हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मला चालेल, पण आमच्यातली एक मुलगी तिथूनच परत गेली.

आत ब्रँच मॅनेजर मॅडम आणि वरच्या ऑफिसातले एक सर. पहिले प्रश्न सोपे होते. चालू खातं आणि बचत खातं यांत फरक काय? आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवायची सोय, कमीत कमी कितीचं? दोन लाख. एनईएफटी ही पैसे पाठवायची दुसरी सोय, तिला अशी खालची मर्यादा नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचं संरक्षण किती? पाच लाख. "एकाच बँकेच्या दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवले तर?" इथे मी थांबले, मग आठवलं: एका बँकेतल्या सगळ्या शाखांतली रक्कम एकत्र धरतात, व्याजासकट. मॅडमनी मान हलवली. पत्त्याच्या पुराव्याला पॅन चालतं का, यावर मात्र मी घाईत 'हो' म्हणून बसले. पॅनवर पत्ता नसतोच. रोज पर्समध्ये असतं ते कार्ड, तरी चुकले. पुढच्या कुणाला सांगायचं झालं तर हेच सांगेन: केवायसीची, म्हणजे ओळखीच्या आणि पत्त्याच्या पुराव्याची कागदपत्रं नीट करून जा, तिथे हमखास अडकवतात.

मग सरांनी विचारलं, "लग्नाचं काय? बदली झाली तर?" माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला मी बाहेर आल्यावर विचारलं. त्याला हे विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "सर, बदलीच्या ठिकाणी मी जाईन." उत्तर दिलं, पण तो प्रश्न अजून टोचतोय.

त्यानंतर रोल प्ले. सर झाले निवृत्त शिक्षक, आठ लाखांची एफडी आज संपलीय. मी बँकेची. त्यांना विमा पॉलिसी विकायची.

मी विचारलं, "सर, हे पैसे तुम्हाला कधी लागणार?"

"पुढच्या वर्षी मुलीचं लग्न आहे."

आता काय बोलायचं? विम्याचे हप्ते पाच-सात वर्षं भरायचे, मध्येच मोडली तर तोटा. हातपाय गार पडले. पण मला आठवली ती पप्पांची जुनी सवय. पैसे हातात घेतले की दुकानदाराच्या समोरच आकडा लिहायचा, त्याला दाखवायचा, मगच पायरी उतरायची. आता हातात मशीन आलंय, पावती छापून येते, तरी ते आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. मी म्हणाले, "मग हे पैसे वर्षाच्या एफडीतच ठेवू. आधी नॉमिनी आहे का बघते. घरात कमावतं कोण आहे ते सांगा, विम्याचं त्यांच्याशी बोलेन. आणि हप्ता किती वर्षं भरायचा ते आजच कागदावर लिहून देईन."

सर म्हणाले, "महिन्याचं टार्गेट असं भरणार?"

"सर, ते शिक्षक मुलीच्या लग्नाला मला बोलावतील. तिथे त्यांचा जावई भेटेल."

मॅडम हसल्या. सर हसले नाहीत. मग मॅडमनी घरचं विचारलं आणि मी पप्पांचं काम सांगितलं. पिग्मी ही कल्पना मुळात सिंडिकेट बँकेची, १९२८ मधली. दारात जाऊन रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करायचे. हे माहीत होतं म्हणून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे गणपती पेठ तुला ओळखते." मी म्हणाले, "पप्पांना ओळखते."

शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणाले. हा प्रश्न येतोच, आणि 'काही नाही' म्हणून उठू नये. मी विचारलं, टार्गेट कशाकशाचं असतं? मॅडमनी सरळ सांगितलं: नवीन खाती, चालू-बचतमधली शिल्लक (कासा म्हणतात तिला), विमा, क्रेडिट कार्ड. पहिले तीन महिने जड जातात. त्यांनी लपवलं नाही, हे मला फार आवडलं.

गुरुवार

निवड झाली! फोन आला तेव्हा आई भाकरी थापत होती, तशाच पिठाच्या हाताने तिने माझा चेहरा धरला.

ऑफर लेटर मेलवर आलं. वर्षाचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात इन्सेंटिव्ह धरलाय आणि तो टार्गेट भरलं तरच. पीएफ वजा जाता हातात किती येणार ते एचआरला फोन करून लिहून मागितलं. विचारताना अवघड वाटलं, पण त्यांनी लगेच पाठवलं. प्रोबेशन सहा महिने. म्युच्युअल फंडाची परीक्षा पास झाल्याशिवाय फंड विकता येत नाहीत, विम्याचीही वेगळी परीक्षा. दोन्ही पहिल्या काही महिन्यांत द्यायच्या.

एक घोळ झाला. सिबिल, म्हणजे कर्जाचे हप्ते वेळेवर भरले का याची नोंद, तपासतात हे माहीत नव्हतं. मोबाइलचे दोन हप्ते मागे थकले होते, नंतर भरले होते, पण अहवालात ते दिसत होतं. कर्ज फिटल्याचा दाखला शोधायला रात्रीचे अकरा वाजले. पत्ता बघायला माणूस घरी आला, शेजारच्या काकूंनाही विचारून गेला. काकू त्याला चहा देऊनच सोडणार होत्या.

पप्पा सगळं ऐकून घेतात, मध्येच विचारतात, "विमा कुणाला विकायचा नाही, ते ठरवलंस का?" मी म्हणाले, काही ठरवलंय, काही समोर आल्यावर कळेल. रुजू व्हायला अजून अकरा दिवस आहेत. उद्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर गणपती पेठेत जाणार आहे, पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत. पिशवी मी धरणार, आकडा ते वाचणार.