साठ स्वॅब आणि एक कॅन

सिन्नरकडच्या त्या लेअर फार्मच्या (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) ऑफिसात, गणपतीच्या फोटोशेजारी, माझा मार्चमधला लॅब रिपोर्ट लॅमिनेट करून लावलाय. ‘साल्मोनेला आढळला नाही.’ साल्मोनेला म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जंतू. खाली माझी सही. आणि मेअखेरीस त्याच पक्ष्यांच्या विष्ठेतून वाढलेली, त्याच जंतूची काळ्या ठिपक्यांची प्लेट माझ्या हातात होती.

मार्चमध्ये पक्षी पंधरा आठवड्यांचे, ग्रोअर शेडमध्ये. साठ पक्ष्यांचे क्लोएकल स्वॅब (विष्ठेच्या वाटेत कापसाची काडी फिरवून घेतलेले नमुने) घेतले. साठच का, तर कळपातले ५ टक्के पक्षी जंतू टाकत असतील तर साठांत निदान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्के. हे गणित मालकांना ऐकवताना मला भारी वाटतं. पण जंतू नेमका त्या घटकेला विष्ठेतून बाहेर पडत असला पाहिजे, ही अट मी ऐकवत नाही. तो रोज पडत नाही. आतड्याच्या कोपऱ्यात दबा धरून बसतो. पक्षी खातोय, पितोय, तुरा लालभडक. ताण आला की पुन्हा सुरू. आणि ताण तर ठरलेलाच: सोळाव्या आठवड्यात पकडून पिंजऱ्यात, मग अंड्यावर येणं, वर मेचं ऊन.

मेमध्ये मी स्वॅबच्या भानगडीत पडले नाही. पिंजऱ्यांखालची ताजी विष्ठा जागोजागची गोळा केली, जाळीवरची धूळही पुसून घेतली. जंतू वाढवणाऱ्या पेप्टोन वॉटरमध्ये रात्रभर ३७ अंशांवर, दुसऱ्या दिवशी बाकीच्या जंतूंना मागे ठेवणाऱ्या त्या निळ्याशार रॅपापोर्टमध्ये ४१.५ वर, तिसऱ्या दिवशी एक्सएलडीच्या प्लेटवर. चौथ्या दिवशी सकाळी झाकण उचललं. लालसर वसाहती, प्रत्येकीच्या मधोमध काळा ठिपका, माशाच्या डोळ्यासारखा. खरं सांगते, आधी आनंदच झाला. इतकी स्वच्छ प्लेट रोज मिळत नाही. काचपट्टीवर साल्मोनेलाचा एक गट ओळखणाऱ्या ओ-९ सीरमशी भराभर गुठळ्या झाल्या, आणि जेलीसारख्या मऊ अगारमध्ये जंतू पसरला, म्हणजे हलणारा. म्हणजे कोंबड्या मारणारा फाउल टायफॉइडचा नव्हे, तो हलत नाही. हा कोंबडीला फारसा त्रास न देता माणसाला आडवा करणाऱ्यांपैकी. पूर्ण नावासाठी नमुना कसौलीच्या लॅबला पाठवला.

“मॅडम, अंडी ९२ टक्क्यांवर, मरतूक नाही. आजारी आहे कोण?” मालकाचा प्रश्न रास्तच. शेजारी उभा फीडवाला म्हणाला, “लॅबवाले काहीतरी काढतातच.” याने जन्मात कधी विष्ठा खरवडली नसेल, मत मात्र तयार. पहाटे अंड्यांचा टेम्पो नाशिकला निघतो. गाडीवर हाफ फ्राय मागणाऱ्यांचा विचार आमच्या तिघांपैकी कुणी केला असेल तर मीच.

मालकाने अँटिबायोटिक सुचवलं, “एन्रो सोडू का पाच दिवस पाण्यात? मग परत टेस्ट करा.”

मी सुरू झाले. औषध अंड्यात उतरतं, जंतू मरत नाही, नुसता दबतो, टेस्ट तेवढी साफ येते... आणि बोलता बोलता अडकले. मार्चमध्ये स्वॅब झाल्यावर तिथल्या मामांनी माझ्या हातांवर पाणी ओतलं होतं, तोंड कापलेल्या पांढऱ्या कॅनमधून. लेबल अर्धं निघालेलं, ‘एन्रो’ तेवढं शाबूत. मी ते वाचलं होतं. विचारलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर औषधाचा रकानाच नाही, पण मला विचारायला रकाना कशाला हवा होता?

आता विचारलं. “लस टोचायच्या आधी देतोच की, सगळेच देतात.” तारीख? वहीत खाद्य, मरतूक, अंडी. औषध कुठेच नाही.

तेव्हा औषधाने दबला होता, की त्या दिवशी पक्षी टाकतच नव्हते, की नंतर उंदरांनी आणला (खाद्याच्या गोण्यांमागे लेंड्या होत्याच), हे मला अजून ठरवता येत नाही. नवा रिपोर्ट दिला, जुना काढायला सांगितलं. “काढतो ना मॅडम.”

गेल्या आठवड्यात गेले होते. नवा ड्रॉवरमध्ये, जुना गणपतीशेजारी. मामा हात धुवायला पाणी घेऊन आले, त्याच कॅनमधून.