सरकारी पैशाची बातमी कशी ओळखायची?

‘बीबीसी मराठीही २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या खास निधीतूनच सुरू झाली ना? मग रशियन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या आरटी वाहिनीलाच प्रचारयंत्र का म्हणता?’ तुम्ही विचारलंत, प्रश्न रास्त आहे. नुसत्या पैशावरून निकाल देता येत नाही. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांसाठीचा अमेरिकी रेडिओ फ्री युरोप तर कितीतरी वर्षं अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या गुप्त पैशावर चालला. आपलंच सरकार अडचणीत आलं की वाहिनी काय करते, ते बघा.

१७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं एमएच१७ हे विमान पाडलं गेलं. २९८ माणसं गेली. आरटीने त्याच दिवशी पिल्लू सोडलं, की नेम कदाचित पुतिन यांच्या विमानावर असेल. चार दिवसांनी रशियन संरक्षण खात्याच्या हवाल्याने दुसरी कथा आली, की युक्रेनच्या सुखोई-२५ या लढाऊ विमानाने ते पाडलं असेल. २०१५ मध्ये रशियन क्षेपणास्त्र कंपनी म्हणाली, जमिनीवरून सोडलेलं ‘बुक’ क्षेपणास्त्रच होतं, पण युक्रेनच्या बाजूने सुटलेलं. आरटीने तेही दाखवलं. सुखोई-२५ साधारण सात किलोमीटर उंची गाठतं, एमएच१७ दहा किलोमीटरवर होतं. तरी या कथा एकमेकींना छेद देतात याची तिथे कुणाला फिकीर नव्हती, कारण प्रेक्षकाला ‘खरं काय, कोण जाणे’ इथवर आणलं की काम झालं. मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर हवं होतं, त्यांच्या वाट्याला हा गोंधळ आला. मला याची फार चीड येते. नेदरलँड्सच्या न्यायालयाने रशियाच्या बाजूच्या तिघांना दोषी ठरवलं, ते २०२२ मध्ये.

एरवी आरटीवरचं पुष्कळसं खरंच असतं. त्सुनामी, अपघात, अमेरिकेतली बेघर माणसं. विश्वास तिथेच कमावला जातो. वाहिन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटनच्या ऑफकॉम या संस्थेने २०१९ मध्ये आरटीला दोन लाख पौंडांचा दंड केला, तोही दुसरी बाजू न दाखवल्याबद्दल. सात कार्यक्रम त्यात होते, बहुतेक सीरियावरचे आणि ब्रिटनमधल्या सॉल्झबरीत माजी रशियन हेरावर झालेल्या विषप्रयोगावरचे.

उलट इराकच्या शस्त्रांचा धोका फुगवून सांगितला, असा आरोप बीबीसीने २००३ मध्ये स्वतःच्याच सरकारवर केला. चौकशीत बातमीवर ठपका आला, बीबीसीचे अध्यक्ष आणि महासंचालक दोघांनी राजीनामे दिले. चूक झाली, पण सरकारला अंगावर घेण्याची मुभा होती.

तपासायचं असेल तर त्या देशाची नाचक्की झाली असा एक दिवस निवडा. त्या दिवशी पहिली बातमी कोणती, पहिलं वाक्य कुणाच्या तोंडी, ‘तज्ज्ञ’ म्हणून बसवलेल्या माणसाला त्या वाहिनीबाहेर कुणी विचारतं का, आणि संपादकाला काढण्याचा अधिकार कुणाकडे आहे, एवढं पाहा. कतारच्या अल जझीरा वाहिनीलाही हेच लावा. अरब राजवटींवर ती सडकून बोलते, पण कतारच्या राजघराण्याचा विषय आला की हात आखडतो.