एका रकान्यापायी गेलेले आठ महिने

जुन्या काळचा पाऊस समजून घ्यायला मी गुहेतला स्टॅलॅग्माइट, म्हणजे झिरपत्या पाण्यातल्या चुन्याचा जमिनीवरून थराथराने वर वाढलेला स्तंभ, उभा कापून, वाढीच्या मध्यरेषेवर दर अर्ध्या मिलिमीटरला भुकटी काढून ऑक्सिजनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार) मोजली. मान्सूनचा जोर असेल तिथे जड ऑक्सिजन-१८ कमी, पावसाने ओढ दिली की जास्त. आलेख सुरेख आला, पण आडव्या अक्षावर वर्षं नव्हती, नुसते मिलिमीटर होते.

वर्षं मिळतात युरेनियम-थोरियमवरून. झिरपत्या पाण्यात युरेनियम विरघळून येतं, थोरियम जवळजवळ येतच नाही. त्यामुळे थरात पुढे साठणारं थोरियम-२३० युरेनियमच्या क्षयातलं, आणि तेच घड्याळ.

नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचे होते. अर्जात रकाना होता, 'युरेनियमचे अंदाजे प्रमाण'. मी लिहिलं, 'माहीत नाही'. तीन आठवड्यांनी अर्ज परत, शेरा, 'अपूर्ण'. मग इतर गुहांच्या शोधनिबंधांतून आकडा भरला. पुन्हा परत, 'आधार द्यावा'. जे मोजून हवंय तेच आधी कसं सांगू? दोन ई-मेलना उत्तर नाही. शेवटी विभागातल्या एका सीनियरने उलगडा केला: किती भुकटी विरघळवायची, स्पाइक (मोजणीसाठी मिसळायचं, प्रमाण माहीत असलेलं समस्थानिक) किती घालायचा, हे त्या आकड्यावरून ठरतं. चिमूटभर भुकटी आमच्याच आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, मोजली. एका दुपारचं काम! तोवर त्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावरची पाळी गेली होती. त्या रकान्याखाली एवढी एक ओळ छापली असती, तर माझे आठ महिने वाचले असते. अजूनही आठवलं की चीड येते.

बारा तारखा आल्या. तीन उलट्या: वरचा थर खालच्यापेक्षा जुना. तिन्ही नमुने तपकिरी पट्ट्यांतले. माती स्वतःचं थोरियम घेऊन येते आणि वय फुगतं. मातीबरोबर येणारं थोरियम-२३२ जास्त दिसलं की सावध व्हा. भुकटी स्वच्छ, घट्ट कॅल्साइटमधूनच (स्तंभ ज्या चुनखनिजाचा बनतो त्यातूनच) घ्या. आणि हो, चार-पाच तारखा आधी करून घ्या, समस्थानिकं नंतर. मी उलटं केलं.

मेघालयातल्या मावम्लुह गुहेच्या स्तंभावरून 'मेघालयन' कालखंडाची सुरुवात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी धरली गेली, २०१८ साली मान्यताही मिळाली. तो निर्णयही अशाच तारखांवर उभा आहे.

तीन तारखा वगळून नऊ अक्षावर बसवल्या. ऑक्सिजन-१८च्या आलेखातल्या ज्या चढाला इतके दिवस नुसती '४१ मिलिमीटरवरची उसळी' म्हणत होते, ती साधारण चाळीस वर्षांच्या कमजोर पावसाची निघाली.