इतवारीत जेडाइट घेताना: रंग सगळ्यात शेवटी पाहा

वहिनींना गळ्यात घालायला बुद्धाची छोटीशी मूर्ती हवी होती, आणि ती खऱ्या जेडाइटचीच हवी होती (जेड नावाने दोन दगड विकले जातात, जेडाइट आणि नेफ्राइट). धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीजवळच्या स्टॉलवर हिरव्या मूर्ती पुष्कळ दिसतात. त्या देखण्या असतात, आणि "काचेची आहे ताई" असं विक्रेता स्वतःहून सांगतो तेव्हा व्यवहारही स्वच्छ असतो. पण जेडाइटचे पैसे मोजायचे असतील तर हातात जेडाइटच आलं पाहिजे. म्हणून वर्ध्याहून सकाळच्या गाडीने आम्ही दोघी नागपूरला निघालो.

रेल्वे स्टेशनवरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन घ्या. प्रजापतीनगरच्या दिशेने जाऊन चितार ओळ चौकात उतरा आणि तिथून ई-रिक्षाने इतवारीचा सराफा गाठा. स्वतःची गाडी या गल्ल्यांत अजिबात नेऊ नका. सोबत दहापट दाखवणारं भिंग, छोटी पांढऱ्या उजेडाची टॉर्च, पांढरा कागद, शिवणाचा दोरा आणि प्लास्टिकचा पारदर्शक पेला ठेवा. काटा सराफाकडे असतोच.

पहिल्याच दुकानात खडा तळहातावर ठेवून दुकानदार म्हणाले, "हात लावून तर पाहा ताई, किती थंडगार आहे!" खडा थंड लागला हे खरं, पण क्वार्ट्झ (गारगोटी) हाही तसाच थंड लागतो. खड्याभोवती दोरा गुंडाळून काडी पेटवायची आणि दोरा जळला नाही म्हणजे माल असली, हीसुद्धा बाजारातली आवडती परीक्षा आहे. उष्णता पटकन ओढून घेणाऱ्या कुठल्याही दगडावर ती जमते. चाकूने ओरखडा मारून पाहायला तर कुणालाही देऊ नका. खनिजांच्या मोहस मापनावर जेडाइटचा कठीणपणा साडेसहा ते सात, त्यामुळे त्यावर चाकूचा ओरखडा उठत नाही. पण क्वार्ट्झवरही उठत नाही, आणि मऊ दगड असेल तर तो तुमच्या हातून खराब होतो.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पाण्यातल्या वजनाचा. आधी खडा काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यायचं. मग पेल्यात पाणी भरून पेला काट्यावर ठेवायचा आणि काटा शून्यावर आणायचा. खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडायचा. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, अंगावर बुडबुडे नकोत. आता काटा जो आकडा दाखवतो त्याने पहिल्या वजनाला भागायचं. जेडाइटचं उत्तर ३.३४ च्या आसपास येतं. नेफ्राइटचं २.९५ च्या जवळपास, अ‍ॅव्हेंच्युरिनचं (हिरवं क्वार्ट्झ) २.६५, सर्पेंटाइनचं (मऊ हिरवा दगड) २.६ किंवा त्याहून थोडं कमी.

"बर्माचा जेड" म्हणून दाखवलेलं एक लटकन ९.२४ ग्रॅमचं होतं आणि पाण्यात काट्याने ३.५० दाखवले. भागाकार २.६४. भिंगातून पाहिलं तर आत अभ्रकाचे हिरवे कण चमकत होते, म्हणजे आपल्या देशातच निघणारं अ‍ॅव्हेंच्युरिन. दिसायला छानच, पण त्याची किंमत अ‍ॅव्हेंच्युरिनची हवी. पुढच्या दुकानातली बुद्धमूर्ती ७.०२ ग्रॅमची आणि पाण्यातला आकडा २.१० आला. ३.३४! वहिनींच्या चेहऱ्यावर लगेच घेऊन टाकू असं स्पष्ट दिसत होतं. मी त्यांना थांबवलं, कारण खरी अडचण इथूनच सुरू होते.

भागाकारावरून दगड जेडाइट असावा एवढं कळतं (हायड्रोग्रॉसुलर गार्नेट नावाचा दुसरा एक दगडही या आकड्याच्या जवळ येतो, हे लक्षात असू द्या). त्या दगडावर काय प्रक्रिया झाली आहे ते मात्र त्यातून कळत नाही. व्यापारात जेडाइटचे ए, बी, सी असे प्रकार मानतात. ए म्हणजे नैसर्गिक, पॉलिशनंतर वरून फार तर मेण लावलेलं. बी म्हणजे तीव्र आम्लात ठेवून तपकिरी-पिवळे डाग काढलेलं; त्यात दगडाची वीण, म्हणजे कणांची गुंफण, पोखरली जाते आणि ती पोकळी पॉलिमरने (प्लास्टिकसारख्या पदार्थाने) भरतात. सी म्हणजे रंग चढवलेलं. बी आणि सी एकत्रही सर्रास असतं. नवं असताना बी प्रकारचा माल ए पेक्षाही स्वच्छ, नितळ दिसतो, आणि म्हणूनच फक्त डोळ्यांवर भरवसा ठेवणारा फसतो. पुढे उष्णतेने आणि रसायनांनी पॉलिमर पिवळं पडतं, ठिसूळ होतं. आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या कारमध्ये असा दागिना विसरला तर काय होईल, सांगायला नको.

भिंग घेऊन उजेड तिरका पडेल असा दागिना धरा. आम्लातून गेलेल्या दगडाच्या पृष्ठभागावर पाणी आटलेल्या तळ्याच्या मातीसारखं बारीक भेगांचं जाळं दिसू शकतं. मग मागून टॉर्च लावा. चढवलेला रंग भेगांत आणि कणांच्या सांध्यांत साठून धाग्याधाग्याने दिसतो. नैसर्गिक हिरवा रंग कणांमध्येच असतो. बांगडी असेल तर दोऱ्याला टांगून दुसऱ्या जेडाइटने हलकेच वाजवा. ए प्रकार खणखणीत वाजतो, बी चा आवाज बहुधा बद्द येतो. पण भेग असली तरी आवाज बसतो, त्यामुळे आवाजावर एकट्यावर निर्णय नको. बांगडीवर नख फिरवा: आडवी गेलेली भेग, जिच्यात नख अडकतं, ती असलेली बांगडी घेऊच नका.

एवढं करूनही बी प्रकाराची खात्री देतो तो प्रयोगशाळेतला इन्फ्रारेड वर्णपटच. नागपुरात खडे तपासून मिळतात, पण इन्फ्रारेडची सोय आहे का ते फोनवर आधी विचारा. नसेल तर तुकडा जयपूर किंवा मुंबईच्या मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. आम्ही त्या सराफांना सांगितलं की रिपोर्ट नैसर्गिक आला तरच सौदा. ते आनंदाने तयार झाले. त्याआधी एका ठिकाणी रिपोर्टचं नाव काढताच मूर्ती परत काचेच्या कपाटात गेली होती. अशा वेळी वाद घालू नका, उठा.

रिपोर्टची वाट पाहायची ठरली आणि दुपार मोकळी मिळाली, म्हणून सिव्हिल लाइन्सला अजब बंगल्यात गेलो (सोमवारी बंद असतो). हे संग्रहालय १८६३ चं. त्याच वर्षी दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जेडाइट आणि नेफ्राइट ही दोन वेगळी खनिजं आहेत हे दाखवून दिलं, त्याआधी सगळं नुसतं जेडच होतं. जेडाइटचा गर्द हिरवा क्रोमियममुळे येतो, जांभळट छटा मँगनीजमुळे. आणि मँगनीज म्हटलं की आपल्याला खाणींचं मनसरच आठवणार!

आता रंगाकडे. इतवारीतल्या दुकानांत पिवळा दिवा असतो, त्यात फिकट हिरवाही उबदार दिसतो. दागिना दाराशी आणा आणि सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. माझ्या मते रंगाआधी वीण पाहावी: कण जितके बारीक आणि घट्ट, तितका दगड पारभासक आणि पॉलिश काचेसारखं. सामान्य खरेदीदाराने गर्द, पारदर्शक हिरव्याच्या मागे लागू नये. तशा २७ मण्यांची हटन-म्दिवानी माळ २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे २ कोटी ७४ लाख डॉलरना गेली. तोच रंग कुणी काही हजारांत देत असेल तर ते सी आहे असं समजून चाला. वहिनींची मूर्ती फिकट, थोडी ढगाळ हिरवी आहे आणि मला ती फार आवडते. हिऱ्यासारखी सर्वमान्य प्रतवारी जेडाइटला नाही, म्हणून दोन-चार दुकानांत सारख्याच मालाचे भाव विचारल्याशिवाय किंमत ठरवू नका.

सोन्यात जडवलेला नग असेल तर पाठ उघडी आहे ना ते बघा. बंद पाठीमागे चकचकीत पत्रा किंवा पोखरून पातळ केलेला खडा लपतो. जडवलेल्या खड्याला पाण्याची परीक्षाही चालत नाही, म्हणून सुटा घेऊन नंतर जडवणं उत्तम. हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. खड्याचं वजन सोन्याच्या वजनातून वेगळं लिहून घ्या, नाहीतर दगड सोन्याच्या भावाने पडेल. पक्क्या बिलावर "मरगज" (जेडचं बाजारातलं नाव) किंवा नुसतं "जेड" चालणार नाही; "नैसर्गिक जेडाइट, ए प्रकार" असं लिहून घ्या, आणि प्रक्रिया निघाल्यास पैसे परत, हेही. रिपोर्ट आला की त्यावरचं वजन, माप आणि फोटो हातातल्या नगाशी जुळवा, आणि रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून तपासा. आम्ही हे सराफांच्या काउंटरवरच केलं, आणि मग पैसे दिले.